झिपऱ्याच्या ढोलांची मोजणी

शहाद्याला आमच्या घराची मागची भिंत आणि हमीदचाचांच्या बँडच्या खोलीची भिंत एकच होती. अलीकडे आमच्या स्वयंपाकघरातली डब्यांची फळी आणि पलीकडे क्लॅरिनेट, ट्रंपेट, दोन ढोल, ताशा आणि एक युफोनियम, जे वाजवणाऱ्यापेक्षा वयानं मोठं होतं. लग्नसराईच्या आधी तालीम सुरू झाली की आमचे डबे आपापल्या स्वभावाप्रमाणे वागत. मोठा ढोल वाजला की तुरीच्या डाळीचा डबा गुरगुरे, ताशाला हळदीच्या डब्याचं झाकण थरथरे. माय त्या आवाजावरून पलीकडे कोण आलंय आणि कोण नाही ते ओळखायची. कळण्याची भाकरी थापताना तिचे हात आपोआप त्या ठेक्यात पडत, आणि चाचांनी मध्येच कुणाला चुकलं म्हणून थांबवलं की तिची भाकरीही अर्धवट थांबायची. नाना, म्हणजे आमचे वडील, मोजणी खात्यात होते. आयुष्यभर लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्यामुळे त्यांना भांडण, आरडाओरडा आणि ऊन यांचं काहीच वाटत नसे. ते या सगळ्या दणदणाटात फुणके-कढी जेवून शांतपणे वामकुक्षी घेत. आज मला फ्रीजच्या आवाजानं झोप येत नाही, तेव्हा वाटतं, ती झोपेची कला त्यांनी मला वारशात द्यायला हवी होती. त्यांनी मला त्यांची मोजपट्टी दिली, आणि मी तिचं काय केलं त्याचीच ही हकीकत आहे.

चाचांचा मुलगा युनूस माझ्या वर्गात होता. दहावीला तो नापास झाला आणि मी अगदी काठावर पास झालो. त्या काठाच्या जोरावर गल्लीत मी विद्वान ठरलो होतो, आणि गल्लीचा तो गैरसमज दूर करण्याची मला काही घाई नव्हती. युनूस बँडमध्ये छोटा ढोल वाजवायचा. छोटा ढोल नसेल तेव्हा एसटीच्या सीटचा पत्रा, शाळेचा बाक, परातीची पाठ आणि फारच अडचण असली तर माझी पाठ. त्याच्या बोटांना गप्प बसणं माहीतच नव्हतं. पण बँडचे दिवस बरे नव्हते. गावात एक नवी पार्टी आली होती, तिच्याकडे भोंगे लावलेली गाडी होती, आणि नाचणाऱ्या पोरांना भोंग्यांची चटक लागली होती. चाचांनी ठरवून टाकलं होतं की ही लग्नसराई संपली की युनूसला नवापूरला मामाच्या पोल्ट्रीवर पाठवायचं. युनूसला लहानपणी त्याच मामाच्या एका कोंबडीनं कोपऱ्यात गाठलेलं होतं, ते तो विसरला नव्हता.

"त्या कोंबड्या माले देखीसन हासतीस, भो," तो मला अगदी गंभीरपणे सांगायचा. मी हसलो की म्हणायचा, "तू बी त्यासमा जाई बठ."

अशा वेळी सुरतेहून माझा चुलतभाऊ आला आणि मला एक पोस्टर देऊन गेला. परदेशातला एक नावाजलेला रॉक ड्रमर. त्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात त्याचा काही दोष नाही आणि उगाच त्याचं नाव माझ्या नावाशी जोडलं जावं असं मला वाटत नाही. खांद्याच्या खाली केस, उघडी छाती, समोर, बाजूला, सगळीकडे ढोलच ढोल, आणि एक हात उगारून त्यातली काडी थेट बघणाऱ्यावर रोखलेली, जणू वर्गात दंगा करणाऱ्या पोराला उभं करतोय. मी ते पोस्टर त्या सामायिक भिंतीवर चिकटवलं.

"हाऊ झिपऱ्या कोन शे?" मायनं विचारलं. "आणि याले सदरा नही का?"

तेव्हापासून त्याचं नाव झिपऱ्या. त्याची कॅसेट लोणखेड्याच्या कॉलेजातल्या एका हॉस्टेलवाल्या पोराकडून मिळाली. ती आम्ही बँडच्या खोलीत लावली. चाचा दारात ट्रंपेटला कापडानं पॉलिश करत बसले होते. त्यांचा हात थांबला. बरंच ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "ये आदमी अकेला है, या पूरी बारात है?"

एकटाच आहे, असं युनूसनं सांगितलं आणि पोस्टर आणायला मला हाताला धरून आमच्या घरात नेलं, पण शेवटी मलाच चाचांसमोर उभं केलं, कारण पोस्टर भिंतीवरून निघत नव्हतं आणि साक्षीदार तर हवा होता. मी शपथेवर सांगितलं की एकच माणूस आहे, दोन्ही हात दोन्ही पाय वापरतो. युनूस म्हणाला, असे ढोल मला करून द्या, हातगाडीवर बांधू, मी एकटा पाच जणांचं वाजवीन, भोंगेवाले तोंडात बोट घालतील. चाचा ट्रंपेटात स्वतःचं तोंड पाहत राहिले. मग म्हणाले, "एक शादी. एकच. लोकांनी माना वळवल्या तर राहशील. नाहीतर मुर्ग्या वाट बघतायत."

आता ढोल करायचे तर मापं हवीत. पोस्टरवर सगळं होतं, मापं नव्हती. इथे गल्लीतला विद्वान पुढे सरसावला.

माझी पद्धत, खरं सांगतो, वाईट नव्हती. नानांच्या कामात नकाशावरच्या एका इंचाला जमिनीवर अमुक अंतर असं प्रमाण असतं. पोस्टर म्हणजे झिपऱ्याचा नकाशा. त्यातली एक वस्तू अशी शोधायची जिची खरी लांबी आपल्याला ठाऊक आहे, की बाकी सगळं गुणाकारानं निघतं. पहिल्यांदा मी झिपऱ्याचीच उंची धरायला गेलो, पण तो बसलेला होता आणि बसलेल्या माणसाचा काय भरवसा. मग काडी दिसली. युनूसची काडी सोळा इंच होती. कॅसेट देणारा पोरगा म्हणाला की तिकडेही साधारण तितकीच असते. झालं. मी नानांची पट्टी लावली, काडी पोस्टरवर बरोबर दोन इंच भरली. म्हणजे एक इंचाला आठ इंच. मधला मोठा ढोल सहा इंच. सहा आठे अठ्ठेचाळीस. बाजूचा लहान सव्वातीन, म्हणजे सव्वीस. खालचा उभा चार, म्हणजे बत्तीस. तिरपे दिसणारे ढोल लांबट गोल दिसतात, त्यांचा मोठा व्यास धरायचा, हेही मी युनूसला समजावून सांगितलं, आणि त्यानं ज्या आदरानं माझ्याकडे पाहिलं तसा आदर पुढे मला बायकोमुलांकडूनही मिळालेला नाही.

नाना आडवे पडून हे पाहत होते. "मोजणीमा पहिले खुणेना दगड पक्का पाहिजे," ते कूस बदलत म्हणाले. "तो हालना, ते आख्खं गाव हालनं." मी म्हटलं, काडी पक्की आहे. ते झोपले.

एकच अडचण आली. कॅसेटच्या वेष्टनावर झिपऱ्याचा दुसरा फोटो होता, टिकलीएवढा, त्यात काड्या ढोलावर आडव्या ठेवलेल्या होत्या. खात्री म्हणून तोही मोजला, तर मोठा ढोल आला चोवीसच इंच. मी थोडा वेळ डोकं खाजवलं आणि मग माझ्या विद्वत्तेला साजेसा निष्कर्ष काढला: झिपऱ्याकडे दोन संच असणार. खोलीत वाजवायचा लहान, मैदानात वाजवायचा मोठा. युनूसनं विचारलं, आपल्याला कुठला? मी म्हणालो, आपलं काम काय खोलीत असतं का? अशा रीतीनं बरोबर उत्तर माझ्या मुठीत आलेलं असताना मी ते स्वतःच्या हातानं बाहेर टाकून दिलं.

दुसऱ्या एखाद्या मुलखात चार फुटी ढोल म्हटल्यावर कुणीतरी नक्की शंका काढली असती. आमच्याकडे नाही. आम्ही सातपुड्यातल्या होळ्या पाहिलेली माणसं. धडगावच्या वरच्या अंगाला पावरा लोकांचे ढोल असे असतात की एक ढोल गळ्यात घ्यायचा तर पाठीचा कणा सागाचा लागतो, आणि तो वाजला की अंगातली आतडी जागा बदलतात. चाचांनी, युनूसनं आणि मी ते ढोल जवळून पाहिले होते. तेव्हा चाचांना अठ्ठेचाळीस सांगितल्यावर त्यांनी फक्त मान डोलावली. इथल्या डोंगरात इतका ढोल असेल, तर परदेशातल्या एवढ्या नावाजलेल्या माणसाचा त्याहून लहान कसा असेल, असाच सगळ्यांचा सरळ हिशेब.

एवढं खोड मिळणं शक्य नव्हतं. म्हणून आम्ही बाजारात धान्यासाठी पत्र्याच्या कोठ्या करणाऱ्याकडे गेलो. त्यानं माप ऐकून घेतलं आणि विचारलं, "धान कितलं भरशात?"

"धान काही नही. तळ नको, झाकण नको."

"मंग कोठी कसानी? हाऊ ते बोगदा शे."

बोगदाच झाला. त्याला दोन्ही तोंडांना म्हशीचं कातडं दोऱ्यांनी ताणून बसवलं, पुढच्या कातड्यावर पेंटरकडून मोर काढून घेतला. पहिल्यांदा युनूसनं त्याच्यावर पायानं लाकडी ठोकळा मारला तेव्हा आमच्या फळीवरचा डाळीचा डबा गुरगुरला नाही, सरळ खाली आला. माय पदर खोचून पलीकडे गेली, खोलीत डोकावली, ते धूड पाहिलं आणि परत आली. सांडलेली डाळ निवडताना म्हणाली, "त्या झिपऱ्यानी माय कशी ऱ्हात व्हई त्या घरमा."

लग्न लोणखेड्याला होतं, दुपारचं. नवरदेव तापीकाठच्या एका गावातल्या पाटलांचा, बँड त्यांच्याकडून. हातगाडीवर पुढे तो बोगदा, त्याच्या मागे दोन्ही अंगांना बाकीचे ढोल, जे लहान म्हणून केले होते पण ज्यात गल्लीतल्या कुणालाही आंघोळ करता आली असती, आणि या सगळ्याच्या मागे स्टुलावर युनूस. मूळचा किडकिडीत, त्यामुळे समोरून तो दिसतच नव्हता. अधूनमधून दोन काड्या वर येत तेवढ्याच. गाडीच्या पुढे क्लॅरिनेट-ट्रंपेटवाले, मागे नाचणारी पोरं आणि त्यांच्या मागे घोडीवर नवरदेव. मी तंत्रज्ञ म्हणून गाडीबरोबर चालत होतो.

आणि आवाज, काय सांगू. पहिल्याच चौकात माना वळल्या. घराघरातून बायका हात पुसत बाहेर आल्या, म्हातारे ओट्यावर उभे राहिले. युनूस असा वाजवत होता की जणू प्रत्येक ठोका नवापूरच्या एकेका कोंबडीवर पडतोय. चाचा ट्रंपेट वाजवताना मागे वळून पाहत होते, आणि त्यांच्या गालांत हवा होती तरी ते हसतायत हे कळत होतं. मला वाटलं, जिंकलो.

मांडवाकडे जायला शेवटी एक बोळ होता. एका अंगाला दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला विजेचा लोखंडी खांब. क्लॅरिनेटवाले आत गेले. गाडीची चाकंही आत गेली. मागून पन्नास नाचणाऱ्यांचा रेटा होता. ढोल भिंत आणि खांब यांच्यामध्ये गेला, करकरला, आणि बसला. असा बसला की खांबाची एक पट्टी पत्र्याच्या काठामागे अडकली. पुढे जाईना, मागे येईना. वर्‍हाडाचे दोन तुकडे झाले: पलीकडे चाचा आणि अर्धा बँड, अलीकडे नवरदेव, त्याचे सगळे नातेवाईक, युनूस आणि मी.

पोरांना आधी ते कळलंच नाही, ती जागेवरच नाचत राहिली. पण पलीकडून मुलीकडचे लोक ओरडायला लागले. मुहूर्त जवळ आला होता, नवरीचे वडील घाम पुसत बोळाच्या तोंडाशी आले आणि त्यांना जावयाऐवजी मोर दिसला. चाचांचा आवाज ढोलावरून आला, "दिलीप, क्या हुआ?" मी तंत्रज्ञ. मी म्हणालो, "चाचा, बसला."

नवरदेवाचे मामा म्हणाले, मागे फिरू, दुसऱ्या गल्लीतून जाऊ. तशी नवरदेवाची आत्या पुढे आली. "नवरदेवनं तोंड मांडवकडे व्हयनं. आते मांगे फिरावानं नही." यावर कुणी वाद घातला नाही, आत्याशी वाद घालायची त्या घरात पद्धत नसावी. पुढे ढोल, मागे आत्या. युनूसनं काड्या मांडीवर ठेवल्या. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. माझ्याकडे न बघता तो एवढंच म्हणाला, "कोंबड्या, भो."

मग नवरदेव घोडीवरून उतरला. शांत पोरगा होता, पुढे तलाठी झाला असं ऐकलं. त्यानं हातातली कट्यार पाहिली. आमच्याकडे नवरदेवाच्या हातात कट्यार असते, टोकाला लिंबू खोचलेलं. तिचा काही उपयोग झाल्याचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. त्यानं लिंबू काढलं. "मामा, हाई धर." गाडीवर चढला, युनूसला म्हणाला, "सरक," आणि मागच्या कातड्याला वरून खाली चीर दिली. कुणीतरी कुरकुरलं की नवरदेव चामड्यातून जातो काय. मामा म्हणाले, "पायमा बूट कसाना शेतस?" फेटा सावरत, मुंडावळ्या दातांत धरून नवरदेव कोठीत शिरला.

पलीकडची गोष्ट मला चाचांनी नंतर सांगितली. तिकडे सगळे एकमेकांवर ओरडत होते, आणि अचानक मोराच्या पोटातून कट्यारीचं टोक बाहेर आलं. टोक सावकाश खाली सरकत गेलं, मोराचे दोन भाग झाले, आणि त्यातून आधी फेट्याचा तुरा आला, मग नवरदेव, ओणवा. नवरीच्या वडिलांनी रागानं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. नवरीची एक मावशी औक्षणाचं ताट घेऊन उभी होती; तिनं त्याला पूर्ण बाहेरही येऊ दिलं नाही, ढोलाच्या तोंडातच ओवाळलं. आणि मग हसू फुटलं. बोळाच्या दोन्ही तोंडांना माणसं भिंती धरून हसत होती. त्यात नवरदेवाच्या मागोमाग अख्खं वर्‍हाड निघालं: मामा लिंबू घेऊन, पोरं एकामागून एक, आणि सगळ्यात शेवटी आत्या, तोंड मांडवाकडे ठेवून. युनूस तसाच बसून उरलेल्या दोन ढोलांवर प्रत्येकाला एक ठेका देत होता. डोळ्यांत पाणी होतं, हात चालू होते.

लग्न वेळेत लागलं. पंगतीत वरण-बट्टीचा वास सुटला होता आणि आम्ही दोघे हातगाडीच्या सावलीत बसलो होतो, ताटावर जायचं धाडस नव्हतं. चाचा फाटका मोर हातात घेऊन उभे होते. तेवढ्यात मुलीकडचा एक जाडजूड गृहस्थ विडा चघळत त्यांच्याकडे आला. म्हणाला, पुढच्या आठवड्यात माझ्या मुलाचं लग्न आहे, बँड तुमचाच, पण हा ढोल पाहिजे. मुलगा ढोलातूनच आला पाहिजे. मग जरा चाचरत म्हणाला, "आमना पोऱ्या मन्हावर गयेल शे. निंघी का?"

चाचांनी त्याच्या पोटाकडे पाहिलं. मग सावकाश माझ्याकडे वळले. "नाप क्या है?"

"अठ्ठेचाळीस," मी म्हणालो.

"निकल जाएगा," चाचा म्हणाले.

संध्याकाळी नाना पोस्टरपुढे उभे राहिले. मी घडलेलं सगळं सांगितलं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, माझ्यासमोर आडवं धरलं. "कितलं लांब?" मी वीतभर म्हणालो. मग तेच पेन त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांवर रोखलं, झिपऱ्यासारखं. "आते?" आता नुसती टोपणाची घुंडी दिसत होती. त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि ते जेवायला बसले. समोर रोखलेली काडी आखूड दिसते, आणि मी तिला अख्खी धरल्यामुळे सगळे ढोल दुप्पट झाले होते. कॅसेटवरचा आडव्या काड्यांचा झिपऱ्या खरा होता. हे युनूसला सांगायला गेलो, तर तो आणि चाचा ढोलाच्या तोंडांना पतंगाचा कागद चिकटवत होते. म्हणाला, मंग सांगशी, आधी खळ दे.

तो कागद बरीच वर्षं फाटत राहिला. शहादा-तळोद्याकडे तर अशी पाळी आली की नवरदेव ढोलातून आला नाही तर नवरीकडचे रुसायचे. भोंगेवाल्यांनी प्लायवुडचा ढोल करून पाहिला, पण त्यातून आलेला नवरदेव खोका फोडून आल्यासारखा दिसायचा. माझ्या लग्नातही मी त्यातूनच आलो. मला माझंच माप अपुरं पडलं. कमरेपाशी अडकलो, तेव्हा युनूसनं मागून पाय दिला. मोठा ढोल पुढे कधी वाजला नाही, पण बाजूचे दोन युनूसनं असे वाजवले की लोक वरात पाहायला येत आणि त्याला ऐकत थांबत. नवापूरला तो गेला तो फक्त लग्न वाजवायला. परत आला तेव्हा मामानं भेट दिलेली कोंबडी रस्त्यातच कुणाला तरी देऊन आला होता.

चाचा गेल्यावर बँड त्याचाच झाला. आता गुडघ्यांमुळे तो खुर्चीवर बसून नातवंडांना शिकवतो. परवा माझ्या नातवानं फोनवर झिपऱ्याच्या सगळ्या संचांची मापं काढून दाखवली. जगात असं सगळं लिहून ठेवणारी माणसं आहेत हे मला त्या दिवशी कळलं. वर्षावर्षाचे संच, एकेका ढोलाचं माप. मोठा ढोल, चोवीस इंच. मी लगेच युनूसला फोन लावला. म्हटलं, शेवटी छापील पुरावा मिळाला, झिपऱ्याचा ढोल चोवीसच होता.

पलीकडे तालीम चालू होती. मागे कुणीतरी पोर चुकीचा ठेका वाजवत होतं. मग तो म्हणाला, "चोवीस? मंग त्यान्हामाईन नवरदेव कसा निंघत व्हई?"